गारोव्हला धरण्याची पद्धत

१ मार्च
आजपासून भाचीच्या दवाखान्यात रुजू. दुशित्सा जनावरांची डॉक्टर. तिची मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर. माझ्या बायकोने, झोर्काने, मला न विचारता तिला फोन केला, की यांना रिटायर झाल्यापासून दिवसभर घरात सांभाळणं मला झेपत नाही. थोडक्यात, दुशित्साला अनुभवी माणूस हवा होता.
एकतीस वर्षं शाळेत कुस्ती शिकवली. इंजेक्शनपुरता कुत्रा धरायचा, त्यात काय.
संकल्प: एकही कुत्रा हातातून सुटणार नाही.

२ मार्च
डॅशहुंड सुटला. टेबल निसरडं.
दुशित्सा म्हणते, टेबलावर रबरी चटई घाल. आधी हुंगू दे, वरून वाकू नकोस, बाजूने जा. एक हात गळ्याखालून, एक पोटाखालून, अंगाशी घे पण आवळू नकोस. ऐकून घेतलं. पोरगी हुशार आहे, पण पुस्तकी.

४ मार्च
पूडल. माझ्याकडे बघून जांभई दिली, ओठ चाटले. पूर्ण निर्धास्त. दुशित्साचं म्हणणं, घाबरलेला कुत्रा असंच करतो, तोंडाला पट्टी बांध. नकार दिला. विश्वासाचा अपमान होतो.
संध्या. ५ – अंगठ्याला बँडेज. पूडलचा काहीतरी गैरसमज झाला. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घेताना नर्सने मला दोनदा बजावलं, हलू नका म्हणून. उद्धट बाई.

५ मार्च
रजा. अंगठा.

८ मार्च
सकाळी डोंगरावरची विदोसावाआजी गारोव्हला घेऊन आली. मेंढ्यांचा राखणदार कुत्रा, पंचावन्न किलो. रानडुकराने मांडी फाडलेली. मी एप्रन बांधत होतो, तेव्हा आजी जवळ आली. म्हणाली, "मोमिर, म्हातारा गेल्यापासून घरात बोलायला मला हा एकच आहे. नीट धर हो."
दुशित्साने सांगितलं, मामा, हात लावू नकोस, नुसता शेजारी बस. मला वाटलं, माझ्या अंगठ्याची काळजी. मी गारोव्हला मागून कवळा घातला. याच पकडीवर चौऱ्याऐंशी साली निश शहरातल्या कुस्तीस्पर्धेत ब्राँझ मिळालं होतं.
गारोव्ह दारापर्यंत माझ्यासकट गेला. पुढे माझ्याशिवाय. अंगण, रस्ता, द्राक्षमळे. मागे रक्ताचे थेंब.
आजी माझ्याकडे न बघता त्याच्यामागे निघाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
मळ्यामळ्यांतून हाका मारत फिरलो. शेवटी आवाज बसला, पायही. एका अवजारांच्या खोपटापाशी मातीत बसकण मारली. डोळ्यांत धूळ गेली होती, दोन्ही.
आणि खोपटामागून गारोव्ह आला. हळूहळू. माझ्या खांद्याला टेकला आणि सगळा भार टाकला. मी धरलं नाही. धरायची ताकदच नव्हती. नुसता हात मानेवर राहिला. त्याचा श्वास माझ्या कानात.
दुशित्सा बॅग घेऊन धावत आली, गुडघ्यांवर बसली. हळूच म्हणाली, "मामा, असाच राहा."
तिने जागा बधिर केली, जखम धुतली, अकरा टाके घातले. गारोव्ह हलला नाही. मीही नाही.

९ मार्च
पहाटेच जाग आली. काल जे घडलं ते जगाला कळलं पाहिजे. नाव ठरलं: मोमिर पद्धत. जोर नाही, कवळा नाही, केवळ व्यक्तिमत्त्व. जिल्ह्यातल्या मदतनिसांना शनिवारी शिकवेन. झोर्काला सांगितलं. शनिवारी घराबाहेर म्हटल्यावर ती फार खूश झाली.
दुपार – दुशित्साला विचारलं, वर्गाला मागची खोली देशील का. तिने माझ्यापुढे कॉफी ठेवली, मग सांगितलं. मी एप्रन बांधत होतो तेव्हाच तिने गारोव्हला गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. चढायला पंधरा मिनिटं लागतात. म्हणून तर नुसतं बस म्हटलं होतं. मळ्यात पोचेस्तोवर ते चढलं. तरी एवढा धावलाच कसा, म्हणाली, तुला फारच घाबरला असणार.
ठीक आहे. पण एवढ्या मळ्यात टेकायला त्याने मलाच का निवडलं, हा माझा प्रश्न.
विदोसावाआजी कोपऱ्यात गारोव्हला सूप पाजत होती. काल ती दुशित्साच्या आधीच मळ्यात पोचली होती म्हणे, बांधावरून सगळं बघत होती.
"आधी तो खोपटाच्या भिंतीला टेकला होता, मोमिर," ती म्हणाली. "भिंत गार लागली असेल."