उखाच्या व्हॅनचे ब्रेक

खापर, ता. ८ जानेवारी २०२४

ति. आबांच्या चरणी भूमिकेचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला आता ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही आणि ही गोष्ट शेजाऱ्यांकरवी सांगण्याजोगी नाही, म्हणून लिहिते. आमच्या व्हॅनचं पेट्रोल इंजिन मोलगीच्या चढावर बसलं. ह्यांनी आता डिझेल इंजिन टाकायचं ठरवलंय. अपघातातल्या एका जीपचं मिळालंय. लखन मिस्तरी म्हणतो, दोन दिननं काम शे. तुम्ही शहाद्याच्या गॅरेजात तीस वर्षं काढलीत, पण सासऱ्याला विचारणं ह्यांना कमीपणाचं वाटतं. म्हणून मीच गुपचूप विचारते.

थंडी फार आहे. पहाटे तापीवर आंघोळीला जाऊ नका, पुण्य थोडं कमी पडलं तरी चालेल.

माया आहे तशीच असू द्या.
तुमची भूमिका

प्रकाशा, ता. १२ जानेवारी

चि. सौ. भूमिकेस आबांचे अ. आ.

पत्र पोचलं. डिझेल इंजिन बसवता येतं. वजन जास्त, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात. आर.टी.ओ.ची परवानगी आधी घ्यायची. पण मुख्य गोष्ट ब्रेकची. पेट्रोल इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर ब्रेकला जोर मिळतो. डिझेलला ती ओढ नसते. वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो नसला तर उतारावर पेडल दगडासारखं होतं. सपाटीवर हळू चालवताना फारसं कळत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी लोणखेड्याच्या उखा ड्रायव्हरच्या व्हॅनला मीच असं इंजिन बसवलं. पंप मिळत नव्हता, त्याला घाई होती. मी म्हणालो, तोवर चालव. चौथ्या दिवशी तो तोरणमाळच्या घाटात दरीत गेला. एकटाच होता. लोक म्हणाले, प्यालेला होता. तो पीत नसे, हे मला ठाऊक होतं. मी गप्प राहिलो. तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.

ललितरावांना हे वाचून दाखव. राग धरू नये.
धुडकू

खापर, ता. १७ जानेवारी

ति. आबांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल आलं तेव्हा डिझेल इंजिन बसवून झालं होतं, आणि मोलगीच्या लग्नाला निघालेली आठ माणसं व्हॅनमध्ये बसलेली. मी किल्ली काढून घेतली, म्हटलं, आबांनी ब्रेकचं लिहिलंय. हे सगळ्यांसमोर चिडले. म्हणाले, तुझ्या बापाला बसल्या जागी भुतं दिसतात. मग मी पत्र मोठ्यानं वाचलं. उखाचंही. माफ करा.

लखननं मान खाली घातली. पंप जीपमधून आधीच कुणी काढून नेला होता, नंतर बघू म्हटलं होतं, असं म्हणाला. ह्यांनी माणसं उतरवली आणि रिकामी व्हॅन गावामागच्या उतारावर नेली. पेडल दबेना. हँडब्रेक ओढून, कुंपणात घालून थांबवली. घरी येऊन पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत. आता तेच विचारतात, आबा कधी येतात.

आबा, एक विचारू? उखाच्या घरी आता कोण असतं?

लेकीला दूर करू नका.
भूमिका

प्रकाशा, ता. २ फेब्रुवारी

चि. सौ. भूमिकेस अ. आ.

पंप शहाद्यात मिळाला. सोमवारी घेऊन येतो. परवानगीचा कागद हाती येईपर्यंत व्हॅन रस्त्यावर काढू नये, हे ललितरावांना माझं सांगणं.

परवा लोणखेड्याला गेलो. उखाची बायको रूपलीबाई अंगणात मिरच्या निवडत होती. उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं सुनेला बाहेर बोलावलं आणि खूण केली, परत सांग. सांगितलं. मग गल्लीतल्या लोकांना बोलावलं. तिसऱ्यांदा सांगितलं, की उखा प्यालेला नव्हता, चूक माझी होती.

मग ती बोलायला लागली. मला तोंड हलताना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. सुनेनं लिहून दाखवायला मोबाईल पुढे केला, तर रूपलीबाईनं तो बाजूला सारला. तिचं बोलून होईपर्यंत मी उभा राहिलो.

तुम्हा दोघांचा लोभ मागतो.
आबा