कुणाच्या नावानं

माय, तुझा जावई गेला. जिंतूर रोडला त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर धडकली आणि जागच्या जागी संपला. मी त्याच्या घरातून निघाले त्याला बरीच वर्षं झाली. परभणीच्या कोर्टात घटस्फोटाचा दावा टाकला, तर हा एकाही तारखेला धड उभा राहिला नाही, आणि आता कायमचाच गैरहजर. वकीलसाहेबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "बाई, आता घटस्फोट घ्यायचा कुणाकडून? दावा संपला. तुम्ही कायद्यानं त्यांच्या विधवा." मागायला गेले मोकळीक आणि पदरात पडलं रंडकीपण. मी हसले, माय. दवाखान्याच्या जिन्यात, इंजेक्शनचा ट्रे हातात धरून हसले. सोबतची नर्स घाबरून विचारायला लागली, काय झालं? काही नाही म्हणाले.

तुला यातलं काहीच सहन झालं नसतं. मी पाळण्यात असताना माझ्या बापानं दुसरी आणली. तुला पोरगी झाली, एवढाच तुझा गुन्हा. मामानं आपल्याला घरी आणलं आणि पुढचं आयुष्य तू लोकांचा कापूस वेचत काढलंस. तो तिकडं चारठाण्याच्या अंगाला दुसरीबरोबर संसार करतोय आणि तू इकडं रोज सकाळी भिंतीवरच्या फुटक्या आरशात बघून रुपयाएवढं कुंकू लावतेयस, हे कळायला लागलं तशी मी चिडायला लागले. एकदा तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. मी म्हणाले, "त्यानं टाकलं ना तुला? मग काडीमोड घेऊन टाक की." पिठाच्या हातानंच तू माझ्या गालात दिलीस. तव्यावरची भाकरी उलटली, चुलीतल्या आरावर फुगवली, आणि मग म्हणालीस, "शेतात येकटी जाते मी. ह्ये कपाळावर हाय म्हणून मुकादम दोन हात लांब ऱ्हातो. तुला काय कळायलंय?" खरंच नव्हतं कळत. त्या माणसानं तुला कधी लुगडं घेतलं नाही, पण त्याच्या नावाचं कुंपण तू बाभळीच्या काट्यासारखं भोवती लावून घेतलं होतंस.

तू गेलीस तेव्हा तो आला. जीप भरून माणसं आणली, दुसरीलाही आणलं. तुझ्या आजारपणात ज्यानं एक मोसंबी आणली नाही, त्यानं तुझ्यासाठी हिरवं लुगडं आणलं होतं. हातात हिरवा चुडा भरला, ओटी भरली, कपाळभर मळवट भरला, इतका की तुझं तोंड मला ओळखू येईना. गल्लीतल्या आयाबाया रांगेनं पाया पडत होत्या. "अहेव गेली. नवऱ्याच्या आधी गेली, नशीबवान बाई." मी ओरडणार होते. मामीनं माझं मनगट दाबून धरलं, म्हणाली, "गप ऱ्हा. तिचं सोनं व्हायलंय." त्यानंच तुला पाणी पाजलं, त्यानंच अग्नी दिला. आयुष्यभर टाकलेली बाई एका सकाळपुरती त्याची बायको झाली. मी अंगणात उभी राहून ठरवलं, आपण असं मरायचं नाही.

माझं लग्न तेव्हा झालेलं होतं. तुझा जावई मला ड्युटीला सोडायला यायचा, न्यायला यायचा; तूसुद्धा चारचौघींत ते कौतुकानं सांगायचीस. सुट्टीच्या दिवशी तो बाहेरून कडी घालून जायचा, ते मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ओटी भरून परत पाठवलं असतंस, हे मला माहीत होतं. मी निघाले ती तू गेल्यावर. कोर्टाच्या व्हरांड्यात एकदाच गाठ पडली तेव्हा तो म्हणाला, "जगायचं तिथं जग. मरशील तर माझ्याच नावानं." स्वतःच आधी जाईल हे त्याच्या डोक्यात आलं नसावं.

मी आता एका माणसाच्या घरी राहते, माय. विहिरीतल्या जळालेल्या पाणबुडी मोटारींची तार नव्यानं भरून द्यायचं त्याचं दुकान आहे. त्याची बायको रीतसर काडीमोड घेऊन गेली, तिचं दुसरं लग्नही झालं. पेपरात याला लिव्ह-इन म्हणतात, आमच्या गल्लीत ठेवलेली म्हणतात. निकाल लागला की लग्न करू, असं तो दर तारखेला म्हणायचा. त्याच्या घराची कडी आतून आहे आणि ती मी लावते. मला तेवढं पुरलं.

रविवारी सकाळी दीर आणि नणंद आले. दिराचं डोकं भादरलेलं. म्हणाला, "वैनी, झालं गेलं गंगेला मिळालं. दहाव्याला तुमी पायजेत. आई सारखं तुमचंच नाव घ्यायलीय. तुमी न्हाई आलात तर लोक काय म्हणतेल?" माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. मी त्याची कुणी नाही, येणार नाही, एवढंच बोलायचं होतं. तेवढ्यात आतून हा चहा घेऊन आला. नणंदेनं पदर सावरला आणि विचारलं, "ह्ये कोण?"

"घरमालक," मी म्हणाले.

एक क्षणही लागला नाही. त्यानं कपबशा खाली ठेवल्या, बशीत थेंब सांडला नाही. माझ्याकडं न बघता म्हणाला, "बसा तुमी. भाड्याचं नंतर बघू, ताई." आणि चप्पल घालून स्वतःच्याच घरातून निघून गेला. नणंद म्हणाली, "चांगला हाय बिचारा माणूस." मी दहाव्याला येते म्हणून सांगितलं.

दिवेलागणीला तो परत आला, जेवला, कोणत्या गावाची मोटार आली ते बोलला. तो विषय काढला नाही. उद्या दहावा आहे. मघाशी त्यानं विचारलं, "गाडीवर सोडू का? फाट्यापर्यंत?" फाट्यापर्यंतच म्हणाला. मला त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं आणि मी म्हणाले, एसटीनं जाईन.

तुला वाचता येत नव्हतं. मावशीची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे, आणि त्यात बापाबद्दल काही असलं की तेवढं गाळायचे. हे वाचून दाखवायची वेळ आली असती तर यातलंही एक गाळलं असतं. तो मला ताई म्हणून बाहेर पडला ना, तेव्हा मला हायसं वाटलं.