डाव्या पायाला सुट्टी

अब्बा, मी गाडी घेतली. जुनी, मोठी, गडद निळी, लांबलचक डिकीची. अशी गाडी दुकानासमोर थांबली की तुम्ही मापाची टेप खिशात टाकून आधी हात धुऊन यायचात, त्या जातीची. घरात आपण आपली हिंदी-मराठीची खिचडी बोलायचो, पण लिहायला बसलं की मला मराठीच सुचते. शाळेत आयुष्यभर तीच शिकवली. म्हणून मराठीतच सांगते.

चंद्रपूरच्या जटपुरा गेटाजवळचं, गाड्यांच्या सीटा शिवायचं आपलं एका शटरचं दुकान आठवतंय. दारात एका साहेबांची गाडी उभी आहे, तुम्ही मागच्या सीटवर गुडघे टेकून बसला आहात, ओठांत वाकडी सुई धरलेली. मी शाळेतून आलेय आणि पुढचं दार उघडून स्टीअरिंगमागे चढलेय. तुम्ही सुई तोंडातून न काढताच म्हणता, "उतर. गाडी आपल्याकडे पाहुणी आलीय. पाहुण्याच्या खांद्यावर बसते का कोणी?" मी उतरते, रडवेली होऊन फळीवर बसते. संध्याकाळी तुम्ही त्याच गाडीच्या उरलेल्या रेक्झिनचं दप्तर शिवून माझ्यापुढे ठेवता. साईच्या रंगाचं, दुहेरी टाक्याचं, आत पट्टी घालून ताठ केलेलं. सगळ्या वर्गाची दप्तरं खाकी कापडाची होती. माझं दप्तर बाकावर ठेवलं की शेजारच्या मुली त्याच्यावर हात फिरवून बघायच्या, आणि पावसात चार जणींची पुस्तकं माझ्याच दप्तरात कोंबली जायची. त्या दिवसांत मला वाटायचं, गाडी म्हणजे मुळात तिची बैठकच. बाकीचं लोखंड तिला वाहून न्यायला असतं.

तर गाडी घ्यायचं कारण माझा डावा गुडघा. ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, चाला, पायऱ्याही चढा, पण क्लच दाबणं विसरा. आणि दुसरं कारण अम्मी. ती आता माझ्याकडे वरोऱ्यालाच असते. तिची कंबर इतकी दुखते की बसचं नाव काढलं तरी ती भिंतीला टेकते. तिकडे आलापल्लीत खालाला ऐकू येईनासं झालंय. पूर्वी दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या. मग खाला नुसती "हॅलो, हॅलो" करायची आणि फोन सुनेकडे द्यायची. सून सांगायची, त्या बऱ्या आहेत. अम्मी इकडून म्हणायची, मीही बरी आहे. दोन वर्षं दोघींचं बोलणं एवढंच झालं. ईदला अम्मी फोन हातात घेऊन बसली आणि लावलाच नाही, तेव्हा मी ठरवलं.

शेजाऱ्यांच्या नव्या छोट्या गाडीत अम्मीला बसवून पाहिलं. प्रत्येक खड्ड्याला ती "या अल्ला" म्हणाली आणि बाजारापर्यंत जाऊन आम्ही परतलो. नवी मोठी गाडी आपल्या आवाक्यातली नव्हती. मग आमच्या मिस्त्रीनं चंद्रपुरातल्या एका निवृत्त इंजिनिअरची ही चौदा वर्षांची, बिनक्लचची ऑटोमॅटिक सुचवली, आणि सुचवल्यावर लगेच घाबरला. "बाई, गाडी राजासारखी हाये, पण आटोमॅटिकचा गिअरबॉक्स इथी कोणी खोलत नाई. काही झालं तं नागपूरच." तुमचे जावई म्हणाले, "म्हातारपणी लोक हलकं सामान घेतात, तू हत्ती घेतेस." ते गाडी चालवत नाहीत, त्यामुळे गाड्यांबद्दल त्यांची मतं फार पक्की असतात.

मालक गृहस्थ एकटेच होते, मुलीकडे राहायला जाणार होते. मिस्त्री बॉनेट उघडून आत वाकला आणि मी मागचं दार उघडून तुमच्यासारखी सीटवर मूठ दाबली. मूठ आत गेली, थांबली आणि हळूच परत वर आली. मागची सीट नवी असताना होती तशीच होती. पुढच्या सीटची फक्त कडेची शिवण उसवली होती. मिस्त्री हसला, "बाई, इंजिन इकडं हाये." मी म्हटलं, ते तू बघ. मग चालवून बघायची वेळ आली. गल्लीच्या तोंडाशी म्हैस आडवी आली आणि माझ्या डाव्या पायानं सवयीनं क्लच समजून ब्रेक दाबला, पूर्ण ताकदीनं. इंजिनिअरसाहेब डॅशबोर्डवर आपटता आपटता राहिले. मागून मिस्त्री शांतपणे म्हणाला, "बाई, डाव्या पायाले सुट्टी देऊन टाका." पुढचा महिनाभर मी डावा पाय सीटखाली दुमडूनच गाडी चालवली. किल्ली देताना साहेब एवढंच म्हणाले, "उभी ठेवू नका हिला. चालती राहिली तरच बरी राहते." आणि आमच्याकडे पाठ करून कुंड्यांना पाणी घालू लागले.

खरं सांगायचं तर ती खाते भरपूर. पेट्रोलपंपावरचा माणूस मला बघून खुर्चीतून उठतो. गावोगावच्या ब्रेकरवर तिचं पोट घासतं, म्हणून मी तिरकी नेते, एक चाक आधी, एक मागून, आणि तुमचे जावई तेवढ्यात श्वास रोखतात. गिअरबॉक्सचं तेल बदलायला नागपूरला जावं लागलं. उसवलेली शिवण मात्र मी घरीच घातली. तुमची वाकडी सुई माझ्याकडे आहे. टाके तुमच्यासारखे आले नाहीत, अम्मीनं बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "चालते."

मोहफुलांच्या दिवसांत आम्ही आलापल्लीला निघालो. सकाळची नमाज झाली की लगेच. अम्मी मागे, कंबरेला उशी, शेजारी शेवयांचा डबा. चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी गेलं तरी ती एकदाही "या अल्ला" म्हणाली नाही. आष्टीला वैनगंगा ओलांडली तशी तिची बोली बदलली. ती आलापल्लीची पोर झाली आणि रस्त्यातलं प्रत्येक झाड ओळखू लागली.

पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. खडीच्या वळणरस्त्यावर ट्रकांच्या मागे आम्ही गोगलगायीसारखे सरकत होतो, ऊन तापलं होतं, आणि अचानक डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडी तिसऱ्या गिअरात अडकली. पाय दाबला की नुसती कण्हायची. मी चिंचेच्या सावलीला कडेला घेतली. मिस्त्रीला फोन लावला तर रेंज नाही. तुमचे जावई उतरून चाकं बघू लागले, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली. अर्ध्या वाटेवरून अम्मीला परत न्यायचं, पुढे तिला पुन्हा कधी आणणं होईल, आणि तोवर दोघी असतील का, एवढं सगळं त्या दोन मिनिटांत डोक्यात येऊन गेलं.

मी म्हटलं, "अम्मी, परत फिरावं लागेल वाटतं."

"काऊन?"

"एकाच गिअरवर अडकलीय."

"पन चालते नं?"

"हळू चालेल."

"मंग चाल हळू. मी कोनती कचेरीत चालली हाये?"

तेवढ्यात मिस्त्रीनं एकदा सांगितलेलं आठवलं: घाबरायचं नाही, बंद करायची, चहा प्यायचा, थंड झाली की चालू करायची. म्हणून आम्ही बॉनेट उघडून थर्मास काढला. मोहफुलं वेचणारी एक बाई टोपली घेऊन जवळ आली. "बिगडली का?" तिनं विचारलं. आणि अब्बा, अम्मीनं तिला काच खाली करून गोंडीत काहीतरी विचारलं. त्या बाईनं टोपली खाली ठेवली आणि दोघी बोलतच राहिल्या, हसत, हात उडवत. मी या वयात पहिल्यांदा ऐकलं की अम्मीला गोंडी येते. तुम्हांला ठाऊक होतं का? जावईसाहेब कपात बघून म्हणाले, "आता गाडी सुरू झाली नाही तरी चालेल." बाईनं पानावर मूठभर फुलं दिली, आम्ही तिला चहा दिला. मग मी बसले, किल्ली फिरवली, गिअरची दांडी मागे ओढली. गाडीनं एक बारीक हिसका दिला आणि लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. दिवा विझला होता.

खाला अंगणात खाटेवर बसली होती. गाडी बघून तिला वाटलं कोणी साहेब आला. तिनं पदर डोक्यावर ओढला. अम्मीनं काच खाली केली. खाला उठली, काठी न घेताच आली, खिडकीत वाकून बघत राहिली. अम्मीची कंबर आखडली होती, तिला उतरता येईना. तर खालाच दुसऱ्या बाजूनं दार उघडून आत जाऊन बसली. चेहरा चेहऱ्याशी आला आणि ओठ दिसले, तसं तिला सगळं कळू लागलं. पहिलं वाक्य तिनं सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हटलं, "तू गजब जाडी झाली." अम्मी तिच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली, "अन् तू वाळली." दोघी रडल्या असतील, मी तिकडे बघितलं नाही. सुनेनं चहा गाडीतच आणून दिला, शेवयाही तिथेच संपल्या. मग खालानं मागून माझ्या खांद्यावर थाप मारली. "चालव."

"कुठी?"

"कुठीबी."

मी हेमलकसाच्या बाजूला, सागाच्या रानातून गाडी नेली. आरशात दोघी मांडी घालून बसलेल्या दिसत होत्या. बऱ्याच वेळानं खाला म्हणाली, "गाडी चालू हाये का बंद? पोरगी गिअर तं बदलतच नाई." अम्मीनं तिच्याकडे तोंड वळवून हातवारे करत ऑटोमॅटिक म्हणजे काय ते समजावलं. सगळं चुकीचं. खालाला मात्र ते पूर्ण पटलं. आता दर दोन महिन्यांनी आम्ही जातो.

हा कागद कुठे पाठवायचा ते मला माहीत नाही, त्यामुळे तो माझ्याकडेच राहील. एक मात्र सांगून टाकते. अम्मी, आलापल्ली, गुडघा, ही सगळी कारणं खरी आहेत, पण मी कोथिंबिरीच्या जुडीसाठीही हीच गाडी काढते, आणि बाजार दोन गल्ल्यांवर आहे. आत्ताही मी अंगणात गाडीतच बसून लिहितेय. घरात सांगून आलेय की काचा पुसते. काचा अजून पुसायच्या आहेत.