दीड पेर

प्रिय आई,

तू गेल्यावर दोन वर्षांनी बाबांनी लग्न केलं. नवी आई तुझ्या लिंबाला रोज बादलीभर पाणी घालायची. पानं पिवळी पडली, तरी मी चकार शब्द काढला नाही. मुद्दामच!

मग एकदा ती कुंडीपाशी रडताना दिसली. "माझ्या हातून झाडंसुद्धा जगत नाहीत गं," म्हणाली. मला राहवेना. तिचं बोट धरून मातीत खुपसलं आणि सांगितलं, "आत कोरडं लागलं, तरच पाणी." तू दोन पेरं सांगायचीस. तिची बोटं लांब आहेत, म्हणून मी दीडच सांगितलं.

आज लिंबाला मुंगीएवढं पान फुटलंय. हे पत्र कुंडीखाली ठेवतेय. ओलं झालं, तर रागावू नकोस. शिकतेय ती अजून.

तुझी,
खारूताई