तुराट्यांचा लगदा

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत असते, आणि बहुतेक वेळा तुम्हीच जिंकता. आज भांडण साहेबांशी झालं. धाराशिवच्या बाहेर आमचं छोटंसं युनिट आहे. पऱ्हाट्या, सोयाबीनचं काड, असं जे लोक बांधावर पेटवून देतात ते आम्ही घेतो, बंद भांड्यात अल्कोहोल आणि पाण्यात शिजवतो आणि त्याचा लगदा काढतो. अल्कोहोलची वाफ करून ते परत मिळवायचं आणि पुढच्या घाण्याला वापरायचं. कॉस्टिक सोडा नाही, ओढ्यात सोडायला काळं पाणी नाही. साहेबांना आज घाई होती. म्हणाले, लगदा थेट पाण्यानंच धुऊन टाका, अल्कोहोलचं एक धुणं वाचेल. मी नाही म्हटलं. "एवढी खात्री कशावरून?" त्यांनी विचारलं. मी काहीतरी पुस्तकी उत्तर देऊन त्यांची बोळवण केली. खरं उत्तर कळंबच्या आपल्या कॉलेजातलं आहे, आणि ते त्यांना सांगून उपयोग नव्हता.

तुमचा विषय रसायनशास्त्र आणि तुमचा राग साऱ्या कॉलेजात प्रसिद्ध. परीक्षानळीतला रंग बदलला की मी म्हणायचे, "मॅडम, आपोआप झालं." तुम्ही चष्म्यावरून बघायचात. "आपोआप फक्त धूळ बसती. बाकीचं कुणीतरी करतं. कुणी केलं ते सांग." मी तेव्हा तुम्हाला घाबरायचे आणि तुमच्यासारखं व्हायचं स्वप्नही बघायचे. तुमच्या डोक्यात एकच खूळ होतं, तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, कागद करायचा आणि तोही सोडा न घालता. सोड्यात शिजवणं सोपं असतं हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत, आणि वर म्हणालात, "पण ज्या पाण्यावर गुरं येतात त्यात म्या त्यो काळा रस्सा सोडायची न्हाय." मग तुम्ही ॲसेटिक ॲसिड निवडलंत. सारी प्रयोगशाळा लोणच्यासारखा आंबट वास मारायची. थंडीत ते ॲसिड बाटलीतच गोठून बसायचं, तेव्हा तुम्ही बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून शाल पांघरून शेजारी बसायचात. आम्ही मागं हसायचो. तुम्हाला ते ऐकू येत होतं हे मला आता कळतं.

मग ईटहून, आमच्या गावाहून, मी कळंबला जिच्याकडं राहायचे त्या मावशीकडं निरोप आला की मला स्थळ आलंय, शिक्षण पुरे. मी दोन दिवस वर्गात तोंड पाडून बसले. तिसऱ्या दिवशी तुम्ही कारण काढून घेतलंत आणि रविवारी एसटीनं सरळ आमच्या घरी आलात. मला आजही ते दिसतं. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुराट्या चुलीत सारतेय, आणि तुम्ही कॉलेजातल्या मॅडम पाटावर बसून त्यातलीच एक तुराटी ओढून मोडताय. मोडल्या जागेचे धागे तुम्ही माझ्या वडलांच्या, आण्णांच्या पुढं धरलेत. "भाऊ, ह्यो धागा चांगला हाय. त्याला धरून ठेवणारा चिकट भाग काढला की झाला कागद. तुमची पोरगी करणार हाय. एकदा बघायला या, मग काय ते ठरवा." आण्णांनी धागा बोटांत चोळून बघितला. मग म्हणाले, "येतो. पर मॅडम, स्थळ लई चांगलं हाय. म्या बघीन आन मगच बोलीन." परत जाताना तुमच्या पिशवीत आईनं शेंगा घातल्या, आणि मी आमच्याच शेतातल्या तुराट्यांची मोळी घेऊन तुमच्याबरोबर एसटीत चढले. कंडक्टरनं विचारलं, कळंबात सरपण मिळत न्हाय व्हय?

आण्णा आले तो दिवस. चंबूत सकाळपासून तुराट्या ॲसिडात उकळत होत्या, वर काचेच्या नळीत वाफ थंड होऊन थेंब परत खाली पडत होते. आण्णा टॉवेल नाकाला लावून स्टुलावर ताठ बसलेले. माझं पुढचं सारं आयुष्य त्या चंबूत होतं आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. तुम्ही रस गाळलात. गाळणीत धागे आले, मऊ, सुटे. माझा जीव भांड्यात पडला. मग तुम्ही, घरातल्या कुठल्याही बाईनं केलं असतं तेच केलंत. शिजलेलं नळाखाली धरलंत. आणि बघता बघता धागे काळपट तपकिरी झाले, बोटांना चिकटायला लागले, जणू गूळ कालवलाय. नळ चालूच होता. आण्णा स्टुलावरून उठून जवळ आले. "मॅडम, ह्ये काय झालं वो?"

तुम्ही एखादं इंग्रजी नाव फेकून वेळ मारून नेऊ शकला असतात. आण्णांना काय कळणार होतं? तुम्ही नळ बंद केलात, हात पुसलेत आणि म्हणालात, "मला म्हाईत न्हाय, भाऊ. काहीतरी माझ्याच हातनं चुकलंय. शोधून काढते." आण्णांनी मान हलवली, येतो म्हणाले. मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेले. तुम्ही ओट्यापाशी तशाच उभ्या होतात, गाळणीकडं बघत. इतकी उंच बाई त्या दिवशी मला लहान दिसली.

पुढचा आठवडा तुम्ही घरी फक्त जेवायला गेलात. उरलेल्या काळ्या रसात तुम्ही थोडं पाणी ओतलंत आणि दूध नासावं तसा तपकिरी चोथा खाली बसला. तिथंच तुम्हाला उलगडलं. चिकट भाग ॲसिडात विरघळलेला असतो, पाणी पडलं की ॲसिड त्याला सोडून देतं आणि तो पुन्हा धाग्यांवर जाऊन बसतो. "ग्रीसचे हात आधी रॉकेलनं धुत्यात, पाणी मागनं," तुम्ही म्हणालात आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतलात. दुसऱ्या वेळी लगदा आधी कोमट ॲसिडनं धुतला, रंग निघून जाईतो, आणि मग पाण्यानं. पांढरा झाला. म्हणजे तुम्ही पांढरा म्हणायचात. माझ्या मते ज्वारीच्या भाकरीच्या रंगाचा. त्याचं एक जाडसर पान वाळवून तुम्ही मला दिलंत. "आण्णांना दाव. आता न्हाय म्हणायचे न्हाईत." मी ते घेऊन ईटला गेले, परत आले आणि सांगितलं की शिकायची परवानगी मिळाली. तुम्ही मला जवळ घेतलंत. तेवढं एकदाच.

त्यानंतर ही गोष्ट तुम्ही प्रत्येक नव्या वर्गाला सांगितलीत, निवृत्तीच्या कार्यक्रमातसुद्धा. "एका पांढऱ्या पानानं पोरीचं शिक्षण वाचवलं." मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. आज साहेबांच्या खात्रीच्या प्रश्नावर मला तुमचं ते वाक्य आठवलं आणि घरी येऊन हे लिहायला बसले. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुमच्यापर्यंत पोचेल अशी टपालपेटीच नाही. पण एक सांगायचं राहिलंय.

त्या दिवशी स्टँडवर आण्णांनी गोडीशेव घेतली, अर्धी मला दिली आणि गाडीची वाट बघत म्हणाले, "म्या लई मास्तर बघितले, सायब बघितले. मला म्हाईत न्हाय असं कुणी म्हटल्यालं ऐकलं न्हाय. स्थळवाल्यांना न्हाय म्हणून कळवतो. ह्या बाईपाशी शीक." आणि गाडीत चढता चढता, "आत्ताच सांगू नको त्येंला. न्हायतर शोधायचं सोडून देत्याल." पुढं पान झालं आणि तुम्ही इतक्या खूष होतात की माझ्यानं बोलवलं नाही. आण्णांनी ते पान हातात घेतलं, बरं झालंय म्हणाले आणि भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं. स्थळाला नकार तर कधीच गेला होता, मॅडम. तुम्ही ओट्यापाशी मान खाली घालून उभ्या होतात, त्याच संध्याकाळी.