ती बाई गाडीत बसते

आप्पा,

तुमच्या भाचीनं परवा एक सीडी आणली आहे. पुण्याला नर्सिंगला तिचा नंबर लागलाय, पुढच्या आठवड्यात ती हॉस्टेलवर जाईल. जायच्या आधी आईबरोबर बसून काहीतरी बघायचं म्हणून तिनं मुद्दाम हाच सिनेमा शोधून काढला. लहानपणापासून आईच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, तोंडून तिनं तो ऐकलाय, तुकड्यातुकड्यानं: बर्फ, आगगाडी, आणि पोराला चोरून भेटायला आलेली एक बाई. "रविवारी दुपारी लावू," ती म्हणाली. आत्यानं तव्यावरची भाकरी उलटली आणि नुसती मान हलवली. मी सीडीच्या कव्हरवरचा तो काळा-पांढरा चेहरा पाहिला आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

तुम्हाला ती दुपार आठवत असेल. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इंग्रजी घेऊन. आपल्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि मला वाटायचं की जगात जे जे उत्तम लिहिलं गेलंय ते आपल्या दौंडच्या रेल्वे कॉलनीत आलंच पाहिजे, ते मी आणणार. कॉलेजातल्या सरांनी मला एका जुन्या अमेरिकन सिनेमाची कॅसेट दिली होती, रशियातल्या एका मोठ्या कादंबरीवरच्या. मी लाइनीवर तुमच्याबरोबर काम करणाऱ्या गँगमनच्या बायका गोळा केल्या, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि टीव्हीशेजारी उभी राहून एकेक वाक्य मराठीत सांगायला लागले. निम्मं मला कळत नव्हतं. ते मी मनानं लावत होते.

"एवढं बर्फ पडतंय आन् बाई खांदं उघडं टाकून नाचतीया," शेजारची मावशी म्हणते. दुसरी म्हणते, "आन् नवरा बघ की. आपला टीसी हाय न्हवं, तसंच तोंड. तिकीट दाखवल्याबिगर हसायचा न्हाई." सगळ्या हसतात. सुरुवातीलाच स्टेशनात एक रेल्वेचा माणूस चाकाखाली जातो, तेव्हा मात्र पुढे बसलेल्या मागे सरकतात. एकजण पदर तोंडाशी नेते. आत्या मागे भिंतीला टेकून शेंगा सोलत बसलीय. नवऱ्याचं घर सोडून ती वडगाव रासाईहून आपल्याकडे आली त्याला दोनेक महिने झालेत. मार खाल्ल्याच्या खुणा गेल्यात, पण मुलगी त्यांनी तिकडेच ठेवून घेतलीय. पडद्यावरची बाई, जिनं नवऱ्याला सोडलंय, ती वाढदिवसाला मुलाच्या खोलीत चोरून शिरते. मुलगा झोपेतून उठून तिच्या गळ्यात पडतो. आत्याच्या हातातली शेंग तशीच राहते.

"ते परत लाव गं," ती म्हणते.

मी कॅसेट मागे घेतली. ती पुन्हा म्हणाली, "परत लाव." तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही आणि मी पुढे गेले. पुढे काय येणार ते मला माहीत होतं, कादंबरीची हकिगत सरांनी वर्गात सांगितली होती. आत्याचा विचार माझ्या मनात आलाच नाही. मी दुःखाच्या थोरवीबद्दल बोलत होते.

तेवढ्यात तुम्ही ड्युटीवरून आलात. दारात उभं राहून तुम्ही थोडा वेळ बघत राहिलात, पडद्याकडे कमी आणि आत्याकडे जास्त. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलंत, "शेवटाला काय हाय?" मी तुमच्या कानात सांगितलं, ती गाडीखाली जाते. पडद्यावर ती बाई एकटी फलाटावर आली होती. चाकं दिसत होती, वाफ दिसत होती. तुम्ही व्हरांड्यात गेलात आणि टीव्ही विझला.

"गेली का लाइट," बायका म्हणाल्या, आणि घोंगड्या काढायला लागल्या. समोरच्या कॅन्टीनचा पंखा फिरत होता. मेन स्विचच्या पेटीचं झाकण तुम्ही लावत होतात ते मी पाहिलं.

घरी जाताना मी तुमच्याशी भांडले. म्हटलं, ती लहान आहे का, खरं बघण्याचा हक्क तिला नाही का. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "आपल्या घरात चपला जोडीनं का लावू देत न्हाई, ते तू इचारत व्हतीस ना?" ते मी वर्षानुवर्षं विचारत होते. दारातल्या चपला कुणी नीट शेजारी-शेजारी ठेवल्या की तुम्ही पायानं त्यातली एक तिरकी करायचात. विहारात वंदनेला गेलो तरी आपल्या चपला तेवढ्या विस्कटलेल्या. कॉलेजातल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरातून आल्यावर मी तुम्हाला यावरून व्याख्यान दिलं होतं आणि तुम्ही, "बरं बाई," म्हणून एक चप्पल तिरकी केली होती.

"लाइनीवर जी माणसं आपणहून येत्यात," तुम्ही म्हणालात, "ती चपला काढून ठिवत्यात. कडंला, जोडीनं. कुणाच्या घरात जाताना काढाव्या तशा. मी लांबूनच बघतो आन् कळतं, आज झाकायला चादर लागणार." मग थोडं चालल्यावर: "तुझी आत्या चार-पाच दिस झालं, संध्याकाळची फलाटाच्या टोकाला जाऊन बसती. मनमाडच्या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या अंगाला लावत्यात, ते बघत. काल मी मागनं गेलतो. चपला काढून बसली व्हती. जोडीनं."

त्या संध्याकाळी आपण तिघं जेवत होतो. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आत्यानं वाढता वाढता विचारलं, "मग त्या बाईचं काय झालं गं?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही ताटाकडे बघत होतात, पण घास तोंडाशी थांबला होता. खोटं बोलायचं नाही हे मी तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवणारी मुलगी होते, आप्पा.

"ती गाडीत बसते," मी म्हटलं.

"कुठं जाती?"

"पोराकडं."

"देत्यात का पोरगं?"

"तेवढं दाखवलेलं नाही."

आत्यानं कालवणात पळी फिरवली. मग तिनं तुमच्या ताटात कालवण वाढलं आणि म्हणाली, "दादा, घास घ्या की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरात नाही. चपला दारात नाहीत. तुम्ही शर्टाची बटणंसुद्धा न लावता लाइनीकडे निघता, मी तुमच्या मागे. फलाटाच्या टोकाला कुणी नाही. तुम्ही रुळाच्या एका कडेनं, मी दुसऱ्या कडेनं, दोघंही माणूस शोधत नाही, चपला शोधतोय. भीमेच्या पुलापर्यंत आपण गेलो. एक मालगाडी गेली तेव्हा तुम्ही माझा दंड एवढा घट्ट धरला की दोन दिवस वळ होता. परत येताना तुम्ही म्हणालात, "तू सांगितलंस ते बरोबर व्हतं. मीच उशिरा उठलो." यातलं दुसरं वाक्य मला अजून सहन होत नाही.

दिवस कलताना ती एसटीनं आली. शाळेच्या गणवेशातली, दप्तर पाठीवर असलेली मुलगी तिच्या हाताला धरून. वर्गातून उचलली होती, घरापर्यंत जाऊच दिली नव्हती. तुम्ही ओट्यावरून उठलात आणि परत खाली बसलात. आत्या म्हणाली, "देत न्हाईत दादा. न्यावं लागतं."

त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही दाराकडे तोंड करून जेवायचात, तिकडची माणसं येतील म्हणून. ती माणसं दोनदा आली आणि दोन्ही वेळा तुमच्याशी बोलून परत गेली. पुढच्या थंडीत, धुक्याच्या सकाळी, लाइन तपासताना तुम्हाला गाडीनं घेतलं. तुमच्याबरोबरचे लोक तुमचे बूट घेऊन आले. एक रुळाजवळ, दुसरा खाली खडीत सापडला होता. सगळे रडत होते तेव्हा आत्यानं ते बूट हातात घेऊन विचारलं होतं, "येगयेगळं व्हतं न्हवं?" हो म्हटल्यावर ती खाली बसली. म्हणजे चपलांचं तिलाही माहीत होतं. तुम्ही तिला सांगितलं होतं, की तिनं तुम्हाला मागून येताना पाहिलं होतं, ते मी विचारलं नाही.

आता मी भांडगावच्या शाळेत शिकवते. आम्ही तिघी स्टेशनापासून जरा लांब, भाड्याच्या घरात राहतो, पण गाड्या ऐकू येतात. तुमच्या भाचीची बॅग भरायला सुरुवात झाल्यापासून आत्या कमी बोलते. "जा की, शिकायला जातीया, मरायला का," असं तिला हसून म्हणते आणि मग संध्याकाळी भाजीला म्हणून जाते ती अंधार पडताना पिशवी रिकामीच घेऊन येते. विचारलं तर म्हणते, "इंजिन बदलत व्हते, बघत बसले." काल मी शाळेतून आले तर दारात तिच्या चपला होत्या. शेजारी-शेजारी, टाचा उंबऱ्याकडे, जणू कुणी हातानं लावलेल्या. मी पायानं एक तिरकी केली. आज सकाळी त्या पुन्हा सरळ होत्या.

तिच्याशी बोलायला हवं, हे मला कळतं. रोज शाळेत मुलींना मी तेच शिकवते, की मनातलं बोला, विचारा, घाबरू नका. आज दोनदा तिच्यासमोर जाऊन बसले. पहिल्यांदा तिनं मला लसूण सोलायला दिला. दुसऱ्यांदा तिनंच विचारलं, "त्या बाईला पोरगं मिळतं का गं? आता रविवारी दिसंल." मी म्हटलं, "मला आठवत नाही."

सीडी लपवून ठेवली तर तुमची भाची दुसरी आणेल. शेवट आधीच सांगून टाकावा, तर तोंड उघडत नाही. तुम्हाला लिहिते ती ही वही मी पुन्हा कपाटात ठेवणार आहे. खरं सांगायचं तर मी अजून काहीच ठरवलेलं नाही, आप्पा. फक्त आज दुपारी, दोघी बाहेर गेल्यावर, स्टुलावर चढून मेन स्विच कुठे आहे ते बघून ठेवलं.