ड्रॉप आर्मचा नट

२८ सप्टें., रवि. आश्विन शु. ६

कुब्जेचं पोट आज उघडलं. बाबांची गाडी, पन्नास वर्षांत डावीकडे झुकली म्हणून मी ठेवलेलं नाव. श्रीकृष्ण काही मिळाला नाही, मिलिंद मिस्त्री मिळाला. नववीत संस्कृत माझ्याकडे होतं त्याला. त्यातून बरा होऊन मेकॅनिक झाला.

आजार सापडला. ड्रॉप आर्म झिजलाय. स्टेअरिंगच्या डब्याखाली लोंबणारा लोखंडी हात. पुढची चाकं वळवतो तोच.

"हा सुटला ना सर, की तुम्ही स्टेअरिंग फिरवा नाईतर जपमाळ फिरवा, सारखंच."

हसलो. नंतर चहा पिताना तितकंसं हसू आलं नाही.

२९ सप्टें., सोम. शु. ७

नवा हात बसला. मिलिंदनं नट बोटांनी दोन आटे फिरवला, पाना उचलला. मी विचारलं, किती आवळणार?

"हात सांगते तेवढा."

म्हटलं, हात हे प्रमाण नव्हे. बाबांचं सर्व्हिस मॅन्युअल आहे. आकडा लावून आवळायचा टॉर्क पानाही नागपूरहून आणलाय, अजून कोरा. आकडा सापडेपर्यंत नट तसाच राहू दे.

"सर, पेपरात बातमी देता तवाही इतकं तपासता काय?"

मॅन्युअलची धूळ झटकली. तालुक्याच्या बातम्या, शेवटून दुसरं पान. कुठे तपासतो.

३० सप्टें., मंगळ. अष्टमी

दिवसभर मॅन्युअल. मागच्या तक्त्यात म्हटलंय, स्टेअरिंगसाठी प्रकरण बारा पाहा. प्रकरण बारा म्हणतं, मागचा तक्ता पाहा. याला आमच्यात अन्योन्याश्रय म्हणतात, दोष आहे. हेडलाइटच्या स्क्रूचा आकडा दिलाय, वायपरचा दिलाय. ज्यावर माणसांचा जीव, तो नट अध्याहृत.

मिलिंद संध्याकाळी येऊन गेला. उद्या सहकुटुंब नागपूरला, दीक्षाभूमीवर. "आता तीन तारखेलेच येतो सर. तवरक गाडी हलवू नका. नट हातानंच लावला हाय, पिनही नाई टाकली." नट मागे फिरू नये म्हणून आरपार घालायची ती पिन. माझ्या हातावर ठेवली. शर्टाच्या खिशात टाकली.

गाडी हलवायची नाही. इथे लिहून ठेवतो म्हणजे राहील लक्षात.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत सौ.नं मॅन्युअल आणि पाना दोन्ही उचलून देवीपुढे नेले. उद्या खंडेनवमी. दसऱ्याची पूजा होईस्तोवर पुस्तकाला, हत्याराला हात लावायचा नाही. हे शास्त्र तिला मीच सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. विद्वत्ता दाखवायला.

१ ऑक्टो., बुध. नवमी

सकाळी सौ. फुलं आणायला गेली तेवढ्यात मॅन्युअल उघडलं. अनध्याय मोडला. सापडला! तक्त्यात नाही, प्रकरणात नाही. अगदी शेवटी, रंगांच्या यादीनंतर जोडलेल्या परिशिष्टात. पंच्याऐंशी फूट-पाउंड. खाली जाड ठशात: हा नट पूर्ण आवळून पिन घातल्याखेरीज गाडी जागची हलवू नये.

हा जाड ठसा आवडला नाही.

पाना समोरच, झेंडूखाली. पाच मिनिटांचं काम. पण एका सकाळी दोन पातकं नकोत म्हणून फुलं परत ठेवली. गाडी काय, उभीच आहे.

संध्याकाळी बंडू आला अकोल्याहून. सौ.चा धाकटा भाऊ. बसायच्या आधी बोलायला लागतो.

"भाऊजी, म्हातारी चालते काय अजून? का नुसती हार घालापुरती?"

"तुझ्यापेक्षा सरळ चालते."

"मंग उद्या किल्ली द्या. ताईले अन् तुमच्या मुक्तीले गिरडच्या टेकडीवर नेतो."

"उद्याचं उद्या."

नट सैल आहे हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण मग ते मॅन्युअल, तो आकडा, तीन दिवस उघडी पडलेली गाडी… दिवाळीपर्यंत चिडवलं असतं त्यानं. राहू दिलं.

२ ऑक्टो., गुरु. दसरा. सेवाग्राम, दु. १२.२०

सकाळपासून इथे, बातमीसाठी. सूतकताईच्या वेळी फोन बंद. पेन काढायला खिशात हात घातला तर पिन हाताला लागली. फोन सुरू केला. मुक्ताचा फोटो, १०.४० चा. कुब्जेला हार, नाकावर कुंकू, बंडू स्टेअरिंगवर. खाली: "बाबा, मामा म्हणतो तुम्ही हो म्हणालात. आई पण येतेय. गिरडला चाललो."

मुक्ताचा फोन बंद. बंडूचा लागत नाही.

घर, दु. १

सौ.चा फोन लावला, स्वयंपाकघरात वाजला. ओट्यावर, सोन्याच्या पानांशेजारी.

पूजा झालेली. पाना देवीपुढे, त्यालाही कुंकू. पिशवीत घातला.

गाडी हलवायची नाही हे मी कोणाला सांगितलं? सौ.ला नाही. बंडूला नाही. इथे लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

हिंगणघाटच्या अलीकडे, दु. १.५०

स्कूटरवरून रस्त्यानं सगळं बघत आलो. पूल, नाल्यांचे कठडे. काही नाही. काही नाही हे चांगलंच.

मिलिंद लागला शेवटी. मागे गर्दी, त्याला ओरडावं लागत होतं. गाडी निघाल्याचं सांगितलं. मग, "सर, दोनच आटे होते."

"सरळ रस्त्यावर टिकेल ना?"

"सरळ टिकन. खड्ड्यानं अन् वळणानं फिरते तो."

"किती किलोमीटर?"

"ते बुकात नसन, सर." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. "तुम्ही फक्त त्यायले थांबवा. मी निघतो इथून."

समुद्रपूर, पेट्रोल पंप, दु. ३.१०

स्कूटरचं पेट्रोल वाटेतच आटलं, ढकलत आणली. रांग आहे, हात नुसते ठेवता येत नाहीत म्हणून लिहितोय.

पंपावरच्या माणसाला विचारलं, जुनी गाडी गेली का, हार घातलेली?

"आज कोणत्या गाडीले हार नाई?"

"डावीकडे झुकलेली. मागे बाई, पुढे मुलगी."

"हां हां! गेली ना. अर्धा तास झाला असन. हिंगणघाटले थांबून, जेवून आले म्हणे. इथंच हवा भरली. तो भाऊ लयच खुश होता. म्हणे, मागच्या साली दोन्ही हातानं ओढा लागे, भाऊजीनं अस्सं काम करून घेतलं का बस. एका बोटानं फिरवून दाखवलं मले, गाडी उभी असताना."

"मग चाकं वळली?"

"चाकं?" तो विचारात पडला. "चाकं नाई पाह्यली बा मी. बोटच पाह्यलं."

पुढे अजून एक जण आहे. मग मी. इथून गिरडपर्यंत रस्ता वळणांचा, आणि शेवटी टेकडी.